भिंतीला चिकटलेला फुगा

आमच्या ह्यांना शाळेत सगळे फुगेसर म्हणतात. विज्ञान शिकवतात, पण खडूचं आणि त्यांचं वाकडं. फुगे, सायकलच्या ट्यूब, रिकाम्या बाटल्या, असल्या भंगाराने माझं अर्धं घर अडवलंय. मुलांना मात्र एकच सांगतात, "पुस्तकातलं सोडा, डोळ्यांना काय दिसलं ते सांगा." या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली आणि मी चार बायकांत मिरवून घेतलं.

त्या दिवशी प्रयोग बघायला पालक आले होते. मीही मागच्या बाकावर बसले होते. फुगा लोकरीवर घासायचा आणि भिंतीला लावायचा. घासल्याने त्यात वीज साठते आणि तो चिकटून राहतो. पण बाहेर झड लागलेली, हवा दमट. मुलांचे फुगे एकामागून एक घसरून खाली. ह्यांचा तेवढा ऐटीत भिंतीवर. पालकांनी टाळ्या वाजवल्या. "नीट घासा, जोर लावा," हे मुलांना सांगत होते.

एक मुलगी काही केल्या थांबेना. लोकर टाकून तिने फुगा स्वतःच्या केसांवर घासला, कपाळ लाल होईपर्यंत. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "सर, माझ्यातच वीज नाही का?"

तिची आई हसत शेजारणीला म्हणाली की, हिला मेलीला काही धड जमतच नाही. मुलीने मान खाली घातली.

ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी आपला फुगा ओढला. चर्र आवाज झाला. फुग्यामागे चिकटपट्टी होती, माझ्याच ड्रॉवरमधली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर करून कुणाकडे बघायची सोय राहिली नाही.

"माझाही पडत होता," हे म्हणाले. "हवा दमट असली की वीज टिकत नाही. चारचौघांत फजिती नको म्हणून मी चिकटवला. तुझं काही चुकलं नव्हतं."

मुलीने डोळे पुसले.

"मग आम्हाला जोर लावा का म्हणालात?"

लाज इतकी, की ह्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

मुलीने त्यांच्या हातातून फुगा घेतला, नखाने पट्टी सोलून काढली, फुगा लोकरीवर घासला आणि भिंतीला लावला.

"पडला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.