शिरा करपला नव्हता

काकूंनी माझ्यादेखत नैवेद्याचा शिरा सिंकमध्ये ओतला. सिंकखालच्या, खरकटं दळणाऱ्या डिस्पोजलचं बटण दाबलं. घरघर झाली आणि साजूक तुपातला, केशर घातलेला शिरा गटारात गेला.

थोड्या वेळापूर्वी त्यांनीच उलथनं माझ्या हातात दिलं होतं. "हलवत राहा गं जरा, मी आरतीचं बघते." परत आल्या, वास घेतला, खूश झाल्या. मग विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. लपवायचं काय त्यात?

"करपला वाटतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. करपला नव्हता. त्यांनी कढई दोनदा घासली, नवा रवा भाजायला घेतला. "तू जा खाली. क्लास बुडेल तुझा."

खाली बेसमेंटमध्ये काका शिकवत होते. अ‍ॅशबर्नमधली आम्ही काही मराठी मंडळी अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी दर शनिवारी त्यांच्याकडे जायचो. त्या दिवशी चौसष्ट सालचा नागरी हक्क कायदा होता. काळ्या लोकांना हॉटेलात शेजारी जेवायला बसू देत नसत, हे काका डोळे पुसत सांगत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, नोकरी देताना कोणते भेद करायचे नाहीत म्हणतो हा कायदा?"

"वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश." घडाघडा.

"जात?"

"ती आपण तिकडेच सोडून आलो, अगं."

"मग वर माझ्या हातचा शिरा का फेकला?"

सगळे खाली बघायला लागले. काकांनी चष्मा पुसला. "हे बघ, तो घरातला प्रश्न आहे. घरात कायदा येत नाही."

मी पर्स उचलली. दारापर्यंत एक नागपूरकर मागे आला. "जाऊ दे ना यार. ओल्ड पीपल आहेत, इग्नोर कर."

नाही जाऊ देणार.

काका, घरात कायदा येत नसेल. पण सोमवारी तुम्ही ऑफिसात माणसं निवडायला बसता, तिथे येतो. तिथे कुणाकुणाचं आडनाव ऐकून तुम्ही "बघू, कळवतो" म्हणाला असाल?

परीक्षा मी पास झाले. तुमच्याशिवाय. आता नोकरी सांभाळून संध्याकाळी लॉ स्कूलला जाते. मला तुमची माफी नको. कायद्यातल्या त्या पाच भेदांत मला सहावा घालायचाय. वर्षं लागतील, लागू देत.

तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, काका. मला तुम्हाला कोर्टात उभं करायचंय.