साळवेबाईंचा भरवसा

साळवेबाई हजेरी घेताना मध्येच थांबायच्या. नाव पुकारायच्या, उत्तर आलं नाही की पेन्सिल वहीवर टेकवून डोळे मिटायच्या. चार-पाच क्षण. मग पुढचं नाव. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागूनच होता, मध्ये नुसती तट्ट्याची भिंत, त्यामुळे सगळं कानावर यायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंना नाव वाचताना अडखळायला होतं. मी भोळेपणानं विचारलंसुद्धा, "चष्म्याचा नंबर वाढला का बाई?"

त्या हसल्या. "जे आले ते माह्यासमोर बसून हायेत. जे नाई आले त्याईले कोणाच्या हवाली करू वं? देवाच्याच नं!"

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. आमची शाळा नागपूरच्या महाल भागात होती, ख्रिस्ती मंडळींनी चालवलेली, चौथीपर्यंतची. मी कोष्ट्याघरची, हिंदू; घरी अजून माग चालत होते. शाळेत लागले तेव्हा आईनं बजावलं होतं, "त्याईच्या प्रार्थनेत तोंड नको उघडू." तोंड मी उघडलं नाही, पण पुढची दहा-बारा वर्षं साळवेबाईंच्या शेजारी बसून डबा खाल्ला.

त्या मूळच्या उमरेडकडच्या, विणकराघरच्याच. वडील मिशनच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून होते, तिथून उठले ते ख्रिस्ती होऊन. भाऊबंदांनी विहीर बंद केली, तेव्हा ही मंडळी नागपूरला आली. बाईंचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी दोन वर्षांची असताना नवरा क्षयानं गेला. हे सगळं त्या सांगायच्या ते भाजी निवडता निवडता सांगावं तसं. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं: "त्याच्या घरी कमी नाई वं सुमन." 'त्याच्या' म्हणजे देवाच्या. देवाशी त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा बोलायच्या. एखादं पोर फारच छळायला लागलं की वर बघून म्हणायच्या, "पाहून राहिला नं तू?"

त्यांच्या वर्गात पार्वती नावाची एक मुलगी होती. ती सलग नऊ दिवस आली नाही. बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. पोरगी मागाजवळ बसून कांड्या भरत होती, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळत होती. बाप म्हणाला, "बायको बाळंतीण हाये, कांड्या भराले हात नाई. शाळा राहू द्या आता."

बाईंनी वाद घातला नाही. पदर खोचला, पार्वतीला उठवलं आणि स्वतः चरख्यासमोर बसल्या. "मीबी इणकराचीच पोर हाये, भाऊ. इच्या वाटच्या कांड्या मी भरून देतो. तुमी इले पाठवा." शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास त्या तिथं बसू लागल्या. सहाव्या दिवशी त्या माणसालाच लाज वाटली. पार्वती वर्गात येऊन बसली आणि बाईंनी तिचं नाव एवढ्या मोठ्यांदा पुकारलं की माझ्या वर्गातली पोरंही हसली.

त्यांचा आवाज तसाच होता, मोठा. थोडा जाडसर, पण गायला लागल्या की अंगावर काटा यायचा. चर्चमध्ये रविवारी भजनाची सुरुवात त्याच करायच्या. तबला, करताल मागून यायचे. मी नाताळात दोनतीनदा गेले होते. बायका सांगायच्या, साळवेबाई गायल्या की दारिद्र्य विसरायला होतं.

तो आवाज बसला. मला शाळेत लागून आठ-नऊ वर्षं झाली होती. आधी वाटलं, खडूची धूळ आणि पोरांवर ओरडणं. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. दोन महिने गेले. मुलगी मार्था तेव्हा नर्सिंग शिकत होती. तिनं एक दिवस हट्टानं आईला कानघशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी तपासणी केली, तुकडा काढून पाठवला आणि आठ दिवसांनी सांगितलं, "कॅन्सर आहे. पण सुरुवात आहे. विजेचा शेक दिला तर बरा होईल, आवाजही बहुधा राहील. मात्र लगेच सुरू करा."

बाई लगेच सुरू करणार नव्हत्या. चर्चच्या मंडळीत मान असलेले एक वडीलधारे होते, दाऊदकाका. त्यांनी उपास-प्रार्थना ठेवली. बायका आळीपाळीनं बाईंच्या घरी यायच्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. दाऊदकाका म्हणाले, "प्रभूनं माह्या मनात घातलं हाये, ही बाई बरी होणार. दवाखान्याचं नाव काढू नका." चर्चचे पाळकसाहेब स्वतः म्हणत होते की प्रार्थनाही करा आणि शेकही घ्या. पण बाईंनी दाऊदकाकांचं ऐकलं.

मार्था रडली, भांडली. माझ्यासमोर एकदा म्हणाली, "आई, डॉक्टर काय देवानं नाई बनवले का? काहून अशी करून राहिली तू?"

बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "त्याच्या हाताले मर्यादा नाई, मार्था. मले थोडा येळ दे."

असा थोडा थोडा वेळ देता देता चार महिने गेले. पावसाळा संपला. जिना चढताना बाईंना धाप लागायला लागली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. एका सकाळी शाळेच्या पायरीवरच त्या बसल्या आणि त्यांना उठता येईना. आम्ही रिक्षातून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि मार्थाला बाजूला घेऊन सांगितलं, आता शेकानं भागणार नाही. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जगतील, पण बोलता येणार नाही.

मार्थानं कागद आईसमोर धरला. बाईंनी विचारलं, "गाताबी येनार नाई?" मार्थानं पेन पुढं केलं. बाईंनी सही केली.

ऑपरेशननंतर त्या श्वास घ्यायच्या तो गळ्याला पाडलेल्या भोकातून. त्यावर त्या पांढरा रुमाल बांधायच्या. बोलायचं ते पाटीवर. शाळेतली पोरं आधी घाबरली, एक-दोघी रडल्या. मुख्याध्यापिकांनी बाईंना शाळेतच ठेवून घेतलं, अक्षरवळणाचा तास दिला. बाई बाकांमधून फिरायच्या, पोरांचा हात हातात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या. महिनाभरात पोरांना त्याची सवय झाली. आम्हा बायांना मात्र झाली नाही. शेजारच्या वर्गातून आवाज येत नव्हता, आणि मला माझाच आवाज नकोसा व्हायचा.

दाऊदकाका भेटायला आले त्या दिवशी मी तिथंच होते. खुर्चीवर टेकले, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "बाई, कुठंतरी विश्वास कमी पडला." मार्था आतून तरातरा बाहेर आली. तिला काही बोलू न देता बाईंनी हात वर केला, पाटी ओढली आणि लिहिलं. त्या घरच्या बोलीतच लिहायच्या.

'पडला असन. पण त्याचं प्रेम माह्या विश्वासाच्या मापानं येत नाई, दाऊदभाऊ.'

म्हाताऱ्यानं ते दोनदा वाचलं. मग चप्पल घालताना त्याचा पाय चपलेत जाईना. बाईंनीच उठून त्याला हात दिला.

पण त्या शांत झाल्या होत्या असं कोणी समजू नये. एका रविवारी मी त्यांना चर्चला सोडायला गेले आणि त्यांच्या आग्रहानं थांबले. पूर्वी त्या पुढे बसायच्या, आता शेवटच्या बाकावर. भजन दुसऱ्या कोणी सुरू केलं. बाईंचे ओठ हलत होते, एकही शब्द न चुकता, आणि गळ्याच्या रुमालातून नुसती हवा सुटत होती, फस्स फस्स. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. साळवेबाईंनी रुमालावर हात दाबला आणि ओठ मिटले. घरी परत येईपर्यंत त्यांनी पाटी हातात घेतली नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जे लिहिलं ते मी विसरलेले नाही. दोन्ही बाजू भरून लिहिलं.

'लोक म्हनतात मी भरवशानं थांबली. नाई सुमन. मी भेली होती. मालकाले मी पायानं चालत दवाखान्यात नेलं होतं, आनलं मयत. तवापासून दवाखान्याचं भेव हाये. भेवाले मी भरवशाची साडी नेसवली. देव मले दवाखान्यातूनच बोलवत होता, मी ऐकलं नाई.'

मी म्हणाले, "जाऊ द्या बाई. झालं ते झालं." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पाटी पुसली.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग मानेला गाठी आल्या. डॉक्टरांनी या वेळी काही सुचवलं नाही, दुखणं कमी करणारं औषध तेवढं दिलं. मार्था आता नर्स झाली होती; अजनीकडे दोन खोल्या घेऊन मायलेकी राहत होत्या. उन्हाळा होता. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली असायची, मार्था तिच्यावर तासातासाला पाणी मारायची. त्या ओल्या वाळ्याच्या वासात औषधाचा वास मिसळलेला असायचा. मी शाळेला सुटी होती म्हणून रोज दुपारी जाऊन बसायचे.

दुखणं फार होतं. ओरडायलाही आवाज नव्हता. चेहरा आवळला जायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि खोलीत काहीच ऐकू यायचं नाही. एका दुपारी मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "बाई, एवढं होऊनबी त्याच्यावर भरवसा हाये तुमचा? त्याच्या हाताले मर्यादा नाई म्हनत होत्या नं?" बोलले आणि जीभ चावली.

बाईंनी पाटी मागितली. अक्षरं वाकडी आली, त्या अक्षरवळण शिकवणाऱ्या बाईंची.

'मर्यादा नाईच. त्यानं काहून नाई केलं ते मले मालूम नाई. रोज त्याले पुसतो. रडतो त्याच्यापुढं. दुसऱ्या कोनापुढं रडली का मी?'

खरंच होतं. इतक्या वर्षांत त्या कुणापुढे रडल्या नव्हत्या. या खोलीतही त्यांचं तोंड आमच्याकडे नसायचं, भिंतीकडे असायचं. मला वाटायचं, आम्हाला दिसू नये म्हणून. तिकडे त्यांच्यासाठी कुणी होतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांची गोष्ट. मार्था रात्रपाळी करून आलेली, न झोपता आईचा रुमाल बदलत होती. बाईंनी काहीतरी लिहून पाटी तिच्यापुढे धरली. मी पलंगाच्या पायथ्याशी होते, मला वाचता आलं.

'तुह्यं खरं होतं. चार महिने मी घालवले. तुही माय तुह्यापासून मीच नेली. मले माफ करतं का?'

मार्थानं वाचलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं पाटी पालथी करून पलंगावर ठेवली आणि ताटीवर पाणी मारायला बाहेर निघून गेली. कितीतरी वेळ पाणी मारत होती. बाई दाराकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी मार्थाची दिवसपाळी होती. मी सकाळीच गेले. नऊच्या सुमारास बाईंनी माझा हात धरला, दोनदा श्वास घेतला, तिसरा आला नाही. शेजारच्या माणसाला सायकलवर दवाखान्यात पाठवलं. मार्था नर्सच्या पोशाखातच आली. तिनं आईची नाडी पाहिली, डोळे पाहिले, सगळं नीट रीतीप्रमाणे केलं, आणि मग गळ्यावरचा रुमाल सोडून नवा बांधला.

दफन त्याच संध्याकाळी झालं. शाळेच्या बाया आल्या, पार्वती तिच्या नवऱ्याबरोबर आली. पाळकसाहेब थोडंच बोलले. दाऊदकाका बाजूला उभे होते. त्यांनी माती टाकली आणि कुणाशी न बोलता निघून गेले. लोक पांगले. मार्था आणि मी दफनभूमीच्या फाटकापर्यंत आलो. तिथं ती थांबली.

"मी हो म्हटलं नाई, सुमनताई," ती म्हणाली. "एक शब्द होता. मानबी हलवली नाई मी. मले वाटलं, उद्या म्हनीन. थोडं तिलेबी कळू दे म्हटलं, वाट पाहनं काय असते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "त्यांना कळलं असन गं."

"ते तुमाले काय मालूम?" ती फटकन म्हणाली. आणि खरंच, मला काहीच माहीत नव्हतं. दाराकडे लागलेले बाईंचे डोळे मी पाहिले होते. ते मी तिला सांगितलं नाही, आजवर नाही.

तिनं फाटकाचा गज धरला. मग लहान मुलीनं विचारावं तसं तिनं मला विचारलं, "त्याच्या प्रेमाले अंत नाई म्हनायची माय. हाताले मर्यादा नाई म्हनायची. मंग माहा 'हो' तो नेऊन देईन का तिले?"

असलं विचारायला मी योग्य माणूस नव्हते. मी ना तिच्या धर्माची, ना माझ्या धर्मातलं मला फारसं कळत. उन्हाळाभर त्या खोलीत बसून मी देवाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले होते. तरी माझ्या तोंडून शब्द गेला, आणि जाताना त्याला कुठं अडथळा आला नाही.

"देईन तो," मी म्हणाले.

मार्थानं पदरानं तोंड पुसलं आणि ती एकटीच मागे वळली. मी फाटकाशी थांबले. ओल्या मातीजवळ ती गुडघे टेकून बसली. एवढ्या लांबून तिचं बोलणं मला ऐकू येण्यासारखं नव्हतं.