दोन सन आणि अर्धा कोयता
इंग्रजीवाल्यांचं काय जातंय! एस-यू-एन सन म्हणजे सूर्य आणि एस-ओ-एन सन म्हणजे लेक. कानाला एकच, लिहायला वेगळं. असल्या जोड्यांपायी मी दहावीला इंग्रजीत आपटले. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं, "ही शेवटची बारी. पास झालीस तर शीक, न्हाई तर कोयता घे."

आम्ही खर्ड्याकडचे. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड श्रीरामपूरकडं ऊसतोडीला. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम टोळीत ठेवत नाही. पेपर आठ दिवसांवर आला आणि आईची कंबर धरली. तिच्या जागी मी उभी राहिले.

सातवीतली धाकटी बहीण माझी वही घेऊन सरीत बसायची. "आक्के, सन?" मी ऊस तोडत दोन्ही अर्थ सांगायची. "मीट?" एक भेटणं, एक मटण. चुकले की पाठीत वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्याचा, फटका! माझ्याआधी तिलाच सगळं पाठ झालं. लई हुशार कार्टी.

पेपरच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "जायचं न्हाई. तोड कोन करनार?" मी पाया पडले, रडले, जेवले नाही. शेवटी तोंडाला येईल ते बोलले. आप्पा कोयत्याला धार लावत बसले. तेव्हा धाकटीनं माझ्या हातातला कोयता काढून घेतला. "मी तोडते. तू जा. एक पेपर तर हाय."

मी गेले. नगरला गाडी बदलली, जामखेडला बदलली. गावाकडं पेपर दिला, काठावर पास झाले, अकरावीला नाव घातलं. आईची कंबर मात्र सुधारली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रक आला. कोण जाणार हे मी विचारलंच नाही. आप्पा म्हणाले, "धाकटीला जमतंय. मागल्या साली बघितलंय मी." मी म्हणायला हवं होतं, मी जाते. पण म्हणाले नाही. माझं कॉलेज होतं ना! तिची शाळा आठवीतच सुटली, माझ्यामुळं सुटली.

ती भांड्याकुंड्यांवर चढून बसली. ट्रक हलला तशी हसून ओरडली, "आक्के, सन?"

मला दोन्ही अर्थ येत होते. तोंडातून एकही निघाला नाही.