चहाच्या वेळची टिंगल

अमेरिकेतले विनोदवीर मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या अध्यक्षाची टिंगल करतात, ती कॅनबेराला पोचते दुपारच्या चहाला. आई गेल्यावर बाबा पुण्याहून माझ्याकडे, कॅनबेरातल्या गुंगालिन भागात, राहायला आले, तेव्हापासून चहाबरोबर टीव्हीवर त्या टिंगलीची क्लिप बघणं हा आमचा नेम झाला. मी घरूनच काम करते. आमच्यात दुसरं बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. आईबद्दल ते बोलत नसत, आणि मीही विषय काढत नसे. मला रडूही येत नव्हतं. काम, स्वयंपाक, झोप हे सगळं आपोआप व्हायचं.

क्लिप संपली की बाबा म्हणत, "हे लोक एकाच बाजूची टिंगल करतात. आधीच्या अध्यक्षाला कधी काही बोलले का?" रोज हेच, शब्दही तेच. सुरुवातीला मी वाद घालायची. पुढे कंटाळा आला. पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवरून काहीतरी येत असणार, असं मी धरून चालले. अमेरिकेत आपल्याला थोडंच मतदान करायचंय, मग कशाला डोकं पिकवायचं?

पण माझं पोट सरकारी खात्यातल्या नोकरीवर चालतं. एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून टिपण तयार करणं, हेच माझं काम. सवयीचा दोष म्हणा, एका शनिवारी मी बसून आधीच्या अध्यक्षावरचे त्याच विनोदवीरांचे जुने तुकडे शोधले. सापडले, भरपूर सापडले. त्यात मला थोडी मजाही वाटली, कितीतरी दिवसांनी.

सोमवारी चहा ठेवला आणि ते लावून दिले. म्हटलं, "बघा बाबा. सोडलं नाहीये त्यांनाही."

पडद्यावर तो आधीचा, म्हातारा अध्यक्ष भाषण करता करता थांबला. शब्द सापडेना. विनोदवीराने ती जागा पुन्हा दाखवली, मग आणखी एकदा, आणि स्वतः तोंड उघडं टाकून उभा राहिला. प्रेक्षक खदखदून हसले. मीही हसले.

"बंद कर," बाबा म्हणाले.

"का? तुम्हीच म्हणत होता ना, एकतर्फी आहे म्हणून."

"त्याला शब्द येत होता. जरा वेळ द्यायला हवा होता."

मी टीव्ही बंद केला. बाबांनी बिस्किट चहात बुडवलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं. मग म्हणाले, "माझंही असंच होतंय. तुझी आई होती तोवर ती वाक्य पुरं करायची. कोणाला कळत नसे."

"मला कधी जाणवलं नाही."

"मी बोलतोच कुठे तुझ्याशी? ते एक टिंगलीचं वाक्य तेवढं न अडखळता येतं. पाठ झालंय. म्हणून रोज तेच म्हणतो. काहीतरी बोलायला हवं ना माणसाने."

यावर काहीतरी वाटायला हवं होतं. भीती, दुःख, निदान स्वतःचा राग. काहीच वाटलं नाही. डोकं बधिर झालं होतं. मी फोन उचलला आणि जीपीची, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली. बाबांना सांगितलं, गुरुवारी सकाळी जायचंय. ते "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवीन क्लिप लावली. ती संपल्यावर बाबा म्हणाले, "हे लोक एकाच बाजूची..." आणि थांबले. पाठ झालेलं वाक्यही अडलं. पुढचा शब्द मला माहीत होता. मी तो दिला नाही, वेळ दिला. चहा निवत गेला, बाहेरून ट्राम गेली, आणि मी त्यांच्याकडे बघत बसून राहिले.