माडांतून येणारा सिग्नल

पेडण्याच्या सिद्धीने पीएच.डी.ला घेतलेला विषय घरात कुणाला उमजत नसे. ती आईला सोपं करून सांगायची. इंटरनेटवरून माहिती छोट्या तुकड्यांनी जाते. तुकडा हरवला की पाठवणारा संगणक समजतो, वाटेत गर्दी झाली, आणि हात आखडता घेतो. बिनतारी जोडणीत मात्र बऱ्याचदा गर्दी नसतेच, सिग्नल क्षणभर गेलेला असतो. अशा जोडणीवर खरा वेग किती मिळेल, याचं गणित ती मांडत होती.

त्यासाठी तुयेच्या एका कारखान्याच्या गच्चीवरून पलीकडच्या शाळेपर्यंत तिने रेडिओची जोडणी करून घेतली. तिचे मार्गदर्शक कृष्णनाथ सर. वेग काढायच्या त्यांच्या सूत्रात तुकडे सुटेसुटे हरवतात असं धरलेलं होतं. त्या हिशेबाने शाळेला चांगला वेग मिळायला हवा होता. प्रत्यक्षात व्हिडिओ चालता चालता अडकायचा. सिद्धीने मोजमापं घेतली तेव्हा कळलं, तुकडे घोळक्याने हरवतात. वारा सुटला की वाटेतले माड डोलत, झावळ्या आड येत आणि एकदम सगळंच जाई. झावळी बाजूला झाली तरी संगणक आपला वाट बघत गप्प.

सरांचं नाव त्या सूत्रावर झालं होतं. वाऱ्याच्या दिवसांची मोजमापं वगळ, ते म्हणाले. नाहीतर माड तोडून घेऊ, मालकाशी मी बोलतो.

"माड तोडून आलेलं उत्तर मी प्रबंधात लिहिणार नाही, सर."

"मग माझी सही मिळणार नाही."

घरी आईने, पद्मावतीने, समजूत घातली. "सरांक हय म्हण गो. तेवढ्यान काय जाता?"

"माझां नांव जाता, आई."

सिद्धीने मार्गदर्शक बदलून मागितला. शिष्यवृत्ती थांबली, विभागात कुणी धड बोलेना. ती म्हापशाला शिकवण्या घेऊ लागली. नव्या मार्गदर्शक सुमंगला मॅडम काही मायाळू नव्हत्या. माड नसलेल्या जागी हेच दाखव, मग मानते, असं त्यांनी बजावलं. सिद्धीने डिचोलीत, ट्रकांच्या रस्त्याला आडवी जाणारी जोडणी निवडली. उंच ट्रक आड आला की तिथेही तुकडे घोळक्यानेच जात. मग तिने सूत्रच नव्याने मांडलं: सिग्नल काही काळ चांगला, काही काळ वाईट, आणि दोन्ही काळांचा हिशेब वेगळा.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला कृष्णनाथ सर येऊन बसले. परीक्षकांचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुसळधार पावसात तुमचं सूत्र चालतं?"

"नाही चालत. कुठे चुकतं ते मी शेवटच्या प्रकरणात लिहिलंय. तुमचं कुठे चुकतं ते तुम्ही कधीच लिहिलं नाहीत."

सुमंगला मॅडमनी मान खाली घातली. रागाने की हसू लपवायला, ते सिद्धीला कळलं नाही. तिने नजर सरांवरून हलवली नाही.

पदवी मिळाली. सर चहाला थांबले नाहीत. त्या विभागात आपल्याला नोकरी मिळणार नाही, हे तिने तेव्हाच ओळखलं आणि तिथे अर्जही केला नाही. आता ती डिचोलीला शिकवते. पावसाचं गणित अजून सुटलेलं नाही. त्यासाठी यंदा तिने पुन्हा रेडिओ बसवलाय, माडांच्या ऐन रांगेत.