दहा दिवसांची संमती

दर उन्हाळ्यात आमच्या कुंडलच्या विहारात एक छापील अर्ज यायचा. बायकांसाठी दहा दिवसांचं श्रामणेरी शिबिर. डोकं भादरायचं, अंगावर भिक्खूंचं चीवर घालायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही, पात्र घेऊन भिक्षेला जायचं आणि अकराव्या दिवशी चीवर परत करून आपापल्या घरी. आई अर्ज घेऊन यायची, स्वतःचं नाव सावकाश लिहायची आणि तळाच्या 'घरच्यांची संमती' या रेघेपाशी थांबायची. ती रेघ आबांची होती.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत स्वयंपाकी होते. बर्फात अख्ख्या कंपनीला रोट्या करून घातलेला हा माणूस घरी विचारायचा, "दहा दिस भाकरी कोन थापनार?" तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं. मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचे. आई वाद घालायची नाही. "आवं, बगा की जमलं तर," एवढंच म्हणायची आणि अर्ज पेटीत ठेवून द्यायची. शेजारची एखादी शिबिराहून आली की तिच्या तुळतुळीत डोक्यावरनं हात फिरवायची. चीवर खांद्यावरनं घसरत नाही का, सांजच्याला भूक लागते का, असं विचारायची. उत्तरं पाठ झाली होती, तरी विचारायची.

आबा गेले आणि आई माझ्याकडे साताऱ्याला आली. मी दवाखान्यात नर्स, एकटीच राहणारी. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं अर्ज माझ्यापुढं ठेवला. आता ती रेघ माझी होती. आणि आबांना जन्मभर जुनाट म्हणणारी मी म्हणाले, "तुला शुगर आहे. न जेवता चक्कर येऊन पडलीस तर?"

"तुजं बी खरं हाय," ती म्हणाली. पुढच्या वर्षीही मी तेच सांगितलं आणि तिनंही तेच म्हटलं.

तिसऱ्या वर्षी अर्जासोबत एक चिठ्ठी होती. मला न सांगता ती रिक्षा करून माझ्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. गोळ्यांच्या वेळा बदलून लिहिल्या होत्या आणि खाली, जपून राहिल्यास हरकत नाही, असा शेरा. मला राग आला. खोट सापडते का म्हणून मी चिठ्ठी दोनदा वाचली. सापडली नाही.

"मग ड्युटीवरनं आल्यावर मी कुणाशी बोलू?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि माझी मलाच लाज वाटली. शुगर हे निमित्त होतं. मला ती घरात हवी होती, बस्स.

आईनं चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन तिची घडी केली. मग म्हणाली, "तुज्या आबांचं बी ह्येच हुतं. भाकरीचं नुसतं नाव."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं.

शिबिर कराडजवळच्या एका गावात होतं. आठव्या दिवशी गावातून भिक्षा निघणार होती, म्हणून मी भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन गेले आणि गावातल्या बायकांसोबत उभी राहिले. चीवर घातलेल्या बायका ओळीनं आल्या, नजर खाली. सगळ्यांची डोकी सारखीच. त्यात आई कोणती हे मला पटकन कळेना. शेवटी टाचांच्या भेगांवरून ओळखली. भाकरी पात्रात ठेवली, वाकून नमस्कार केला. गोळी घेतलीस का, हे अगदी ओठांवर आलं होतं. वाटलं, एकदा तरी वर बघेल. ती इतरांसमोर थांबत होती तेवढीच थांबली आणि पुढं गेली. इतकी हलकी चाल मी तिची कधी पाहिली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ती परत हवी होती, तिथल्या तिथं.

अकराव्या दिवशी तिनं चीवर घडी करून परत दिलं, साडी नेसली, डोक्यावरून पदर घेतला. एसटीत मला खिडकी देऊन स्वतः अलीकडे बसली. उंब्रज मागं पडलं. मग म्हणाली, "लय बरं वाटलं."

"काय बरं वाटलं?" मी विचारलं. मला वाटलं, ध्यान म्हणेल, वंदना म्हणेल.

"म्होरं जाऊन नुस्तं हुबं ऱ्हायचं. लोकं आपनहून वाढायची. काय बी मागावं लागलं न्हाई."

तिनं हे तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच त्याचंच अप्रूप वाटत होतं. आणि हिशेब न करताही मला कळत होतं, की आबांकडे आणि मग माझ्याकडे ती इतकी वर्षं फक्त दहा दिवस मागत आली होती. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण मान वळवून ती मागं, कराडच्या बाजूला बघत होती.