वरचं हॉटेल आणि खालचं वरण

माझा धाकटा भाऊ क्रूझ जहाजावर आचारी आहे. तो स्वतःला शेफ म्हणवतो, पण आईने पहिल्या दिवसापासून आचारी म्हटलं आणि आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी तोच शब्द टिकला. रायपुरातच त्याने केटरिंगचा कोर्स केला, दोन वर्षं गोव्यात एका हॉटेलात काढली आणि मग जहाज धरलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. आठ महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी, असं त्याचं चालतं. घरी आला की पहिले चार दिवस नुसता झोपतो.

मागच्या वेळी आला तो झोपलाच नाही. दुसऱ्याच दिवशी चौबे कॉलोनीत माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, ताई, तुझी मदत पाहिजे. मी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. घरात कोणाचा अर्ज असला, तक्रार असली, की ती लिहायचं काम माझ्याकडे येतं.

गोष्ट अशी होती. त्याच्या जहाजावर इटालियन जेवणाचं एक वेगळं हॉटेल आहे, जपानी जेवणाचं एक आहे. तिकिटाच्या पैशात जे जेवण येतं ते खालच्या मोठ्या हॉलमध्ये, बुफेवर. ही वेगळी हॉटेलं वरच्या मजल्यावर, त्यांना जास्तीचे पैसे द्यावे लागतात, आदल्या दिवशी टेबल सांगून ठेवावं लागतं. भारतातून येणारे प्रवासी वाढले, म्हणून कंपनीच्या मनात आलं की भारतीय जेवणाचंही असं एक हॉटेल काढावं. जहाजावरच्या मुख्य शेफने माझ्या भावाला सांगितलं होतं, घरी जातोयस तर दहा पदार्थ ठरवून आण आणि हे हॉटेल काढावं की नाही, यावर तुझं मत लिहून दे.

मला फार आनंद झाला. मी त्याला म्हटलं, यात विचारायचं काय, काढावंच. इटलीचं जेवण काचेच्या दारामागे आणि आपलं बुफेच्या टोकाला झाकणाखाली, त्यावर पाटी नुसती ‘करी’. हे मी त्याच्या फोनमधल्या फोटोंत पाहिलं होतं आणि मला ते लागलं होतं.

तो म्हणाला, "मी तर नको म्हणून लिहून राहिलो."

मी काहून विचारलं. तेव्हा त्याने एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट सांगितली. ती आपल्या मुलासोबत, सुनेसोबत आली होती. नऊवारी नाही, साधी पाचवारी, पायात पांढरे बूट. बुफेचा हॉल एवढा लांब, की या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायलाच वेळ लागतो. ती बाई रिकामी ताटली घेऊन सगळा हॉल फिरली आणि पुन्हा दाराशी येऊन उभी राहिली. कशात काय घातलंय ते तिला कळत नव्हतं आणि विचारायला भाषा नव्हती. माझ्या भावाने आतून पाहिलं. बाहेर येऊन तिला हिंदीत विचारलं आणि भात अन् फोडणीचं वरण ठेवलं होतं तिथे घेऊन गेला. नंतर आठ दिवस ती रोज थेट तिथेच यायची. वर हॉटेल निघालं, तर खालची ही दोन भांडी उठवतील, असं त्याचं म्हणणं होतं. मुलगा आईला वर एक दिवस नेईल, फार तर दोन. बाकीच्या दिवशी ती काय खाणार?

मला त्याचं म्हणणं कळलं, पटलं मात्र नाही. कंपनी दोन्ही ठेवू शकते, मी म्हटलं. तो म्हणाला, तू कंपनी पाहिली नाहीस.

तरीही दहा पदार्थ तर द्यायचेच होते. येत्या रविवारी आईकडे करून पाहू, असं ठरलं. जहाजावर एक अडचण मोठी. तिथे स्वयंपाकघरात उघडी आग चालत नाही, सगळं विजेवर. म्हणून तो माझ्या घरची इंडक्शनची शेगडी उचलून घेऊन गेला आणि आईच्या गॅसला त्या दिवशी कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. आई ओट्याच्या बाजूला स्टूल टाकून बसली आणि पाहत राहिली. त्याच्या यादीत भरीत होतं. बिनाआगीचं वांगं म्हणजे उकडलेलंच, ते कोणाच्या तोंडाला लागणार, असं ती म्हणाली. त्याने ओव्हनमध्ये भाजता येतं म्हणून सांगितलं, पण थोड्या वेळाने यादीतून भरीत खोडलं. बेसनाच्या पाटवडीचा रस्सा राहिला, झुणका राहिला, बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात राहिला. इकडचा, छत्तीसगडचा, एक पदार्थ असावा म्हणून तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे त्याने घेतले. ते आईला आमच्या शेजारणीने शिकवले होते, आम्ही लहान असताना.

दुपारी जेवायला आम्ही सहा जण होतो. आई, बाबा, मी, माझे मिस्टर, कॉलेजात जाणारी माझी मुलगी आणि तो. वरच्या हॉटेलात वाढतात तसंच वाढायचं, असं त्याने ठरवलं होतं. बाजारातून मोठ्या पांढऱ्या प्लेटा आणल्या होत्या. प्रत्येक प्लेटीत मधोमध पाटवडीचे तीन तुकडे, भोवती दोन चमचे रस्सा, वरून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, तीन पानं.

माझी मुलगी म्हणाली, "मामा, इतना सा?"

घरात मराठी सगळी समजते, पण उत्तर ती हिंदीतच देते. मामाने तिला समजावलं की असे पाच प्रकार येतात, एकामागून एक. माझे मिस्टर मान हलवून खात होते. बाबांनी तीन तुकडे संपवले, प्लेट पुढे केली. भाऊ म्हणाला, तिथे दुसऱ्यांदा वाढत नाहीत. बाबांनी प्लेट मागे घेतली नाही. शेवटी आई उठली आणि पातेलं आणून सगळ्यांना वाढू लागली.

रस्सा छान झाला होता. चवीबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण हॉटेल काढावं की नाही, यावरून आमच्या दोघांचं पुन्हा सुरू झालं. मी आपल्या जेवणाच्या मानाचं बोलत होते, तो त्या म्हाताऱ्या बाईचं. बोलता बोलता मला राग आला आणि मी म्हटलं, "तुले त्या बाईची काळजी नाही. तुले वर जायची भीती वाटते."

याच्यामागे एक कारण होतं. त्यानेच मला सांगितलं होतं, की खालच्या हॉलमधला शेफ कोणाला दिसत नाही. पण वरच्या हॉटेलातला शेफ टोपी घालून टेबलांमधून फिरतो, लोकांशी इंग्रजीत बोलतो, पदार्थ कुठला, कसा, ते सांगतो. माझ्या भावाला लहानपणापासून चार लोकांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. शाळेत कविता म्हणायची वेळ आली, तर तो पोट दुखतं सांगून घरी पळायचा. हे मला माहीत होतं, आणि माहीत असून सगळ्यांसमोर मी ते बोलले.

तो उठला आणि प्लेटा गोळा करून मोरीत नेऊन ठेवल्या.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं लहानपण भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गेलं. लग्नाकार्यात आपल्या लोकांची पंगत सगळ्यांची उठल्यावर, गोठ्याच्या बाजूला बसायची, हे त्यांनी आम्हाला फक्त एकदा सांगितलं होतं. त्यामुळे मला वाटत होतं की वेगळं हॉटेल हा शब्दच त्यांना आवडणार नाही, ते भावाची बाजू घेतील. त्यांनी भावाला बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, "आपल्या लोकायले बाकीच्या हॉटेलात बसाले मनाई होणार हाय का?"

भाऊ म्हणाला, नाही. पैसे दिले की कुठेही बसता येतं.

"मंग ते वेगळं नाही. वेगळं ते, जिथून दुसरीकडं जाता येत नाही." मग म्हणाले, "पण जो वर नाही गेला, त्याले खाली काय भेटन, ते आधी लिहून घे."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मला त्या वेळी वाटलं, की आम्ही दोघं आठ दिवस जे भांडत होतो, ते एवढ्या दोन वाक्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भावाला घेऊन तेलीबांध्याला तलावावर गेले. माफी मागायची होती, पण सुरुवात कशी करावी ते कळत नव्हतं. आम्ही तलावाची एक पूर्ण चक्कर मारली. नंतर तोच म्हणाला, "हव ताई, भीती वाटते. पण ती बाईपण खरी हाय."

मी म्हटलं, मला माहीत आहे. चूक माझी झाली. घरी परतताना त्याने माझ्या मुलीसाठी भुट्टे घेतले आणि पैसे मला देऊ दिले नाहीत, तेव्हा मला कळलं की राग गेला.

पत्र आम्ही माझ्या डायनिंग टेबलावर लिहिलं. तो मराठीत, मधेच हिंदीत सांगायचा, मी इंग्रजी करायची. तीन वेळा खोडलं. शेवटी जे झालं ते असं होतं: भारतीय हॉटेल जरूर काढा, पण एक अट ठेवा. खालच्या हॉलमध्ये दोन्ही वेळेला भात, फोडणीचं वरण, एक साधी भाजी आणि पोळी हे कायम असावं, आणि त्यावर नाव नीट लिहिलेलं असावं, नुसतं ‘करी’ नव्हे. प्रत्येक भांड्यात काय आहे, मांस आहे की नाही, हे हिंदीतही लिहावं. पत्रासोबत नऊ पदार्थांची यादी होती, आगीशिवाय होतील असे. दहावा त्याने रिकामा सोडला.

तो गेला. जहाजावरून त्याचा फोन दुपारी येतो, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. पहिले दोन महिने काहीच कळलं नाही. मग एक दिवस त्याने सांगितलं, की हॉटेल निघालं. दिल्लीचा एक मोठा शेफ त्यावर नेमला, माझ्या भावाला त्याच्या हाताखाली दिलं. मेनूत बटर चिकन, बिर्याणी, तंदुरी हेच सगळं. त्याच्या नऊ पदार्थांतून दोनच घेतले, पाटवडीचा रस्सा आणि फरे. झुणका दिसायला बरा नाही, म्हणून काढला. मी विचारलं, खालचं काय झालं? तो म्हणाला, भात आणि वरण राहिलं, दोन्ही वेळेला. भाजी, पोळी गेली. पाट्या मात्र बदलल्या, हिंदीतही लिहिल्या.

मी म्हटलं, म्हणजे अर्धं झालं. तो म्हणाला, मला वाटलं होतं तेवढंही नाही होणार.

टेबलांमधून फिरायचं काम दिल्लीवाल्याचं होतं, त्यामुळे हा आतच राहायचा आणि खूश होता. पण एकदा दिल्लीवाल्याला ताप आला आणि तीन दिवस त्याला खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही. टोपी घालून बाहेर जायची पाळी याच्यावर आली. ते त्याने मला नंतर व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पहिल्या टेबलावर एक गोरं जोडपं होतं. याने गुड इव्हनिंग म्हटलं आणि पुढचं काही सुचेना. ती बाईच म्हणाली, हे चौकोनी काय आहे, आम्हाला फार आवडलं. तेव्हा त्याने बेसन कसं शिजवतात, कसं थापतात, कसं कापतात ते हाताने दाखवत सांगितलं. हाताने दाखवलं तेव्हा शब्द यायला लागले, असं तो म्हणाला. ही कुठली डिश, असं त्यांनी विचारलं. त्याने रायपूर सांगितलं. त्यांना रायपूर माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावर सुरतचं एक कुटुंब होतं, ते ऐकत होते, त्यांना रायपूर राजस्थानात आहे असं वाटलं. मग त्याने दोन्ही टेबलांना रायपूर कुठे आहे ते समजावलं. सहाव्या टेबलापर्यंत घाम येणं थांबलं.

चौथ्या दिवशी दिल्लीवाला बाहेर आला, हा पुन्हा आत गेला. मी विचारलं, तुला बाहेरच राहावंसं नाही वाटलं का? म्हणाला, कधीमधी ठीक आहे. रोज नको.

माझं मत अजून तेच आहे, की हॉटेल असावं. लोक म्हणतात, आठ दिवसांसाठी परदेशात जायचं आणि तिथेही आपलंच खायचं, हे काय. मला ते पटत नाही. इटलीचा माणूस जहाजावर आपलं खातो, त्याला कोणी असं म्हणत नाही. पण आता मी आधी खालच्या हॉलचं विचारते. आमच्या शाळेतल्या एक बाई निवृत्तीनंतर क्रूझला जाणार होत्या, त्यांनी मला सल्ला विचारला. मी त्यांना म्हटलं, बुकिंग करणाऱ्याला भारतीय हॉटेल आहे का, हे विचारू नका. रोज तिकिटात काय मिळतं, ते विचारा.

जहाजावर काम करणाऱ्यांच्या आई-वडिलांना कंपनी वर्षातून एकदा कमी पैशात नेते. या वर्षी भावाने दोघांचे पासपोर्ट काढायला लावले. बाबा लगेच तयार झाले. आईचं म्हणणं, पोट्ट्याच्या हातचं घरी खाते, तेच खायला समुद्रात कशाला जाऊ. तरी ती फोटो काढायला आली, कागदावर सही केली आणि पोलीस चौकशीला आले त्या दिवशी त्यांना चहा दिला. परवा दोन्ही पासपोर्ट पोस्टाने आले. बाबांनी भावाला फोन लावून सांगितलं. वर जेवायचं की खाली, ते त्याने विचारलं तेव्हा आई मागून म्हणाली, तिथं गेल्यावर पाहू.